ताब्यातला पुरुष : हानी, जोखीम आणि भाषा

ईडिपसच्या घराण्यावरील शाप नेमका कशासाठी होता, हा प्रश्न साहित्याच्या वर्गात क्वचितच विचारला जातो. शाप आहे हे गृहीत धरून चर्चा पुढे सरकते आणि नियती, अज्ञान, अपराध अशा परिचित वाटांना लागते. ग्रीक पुराणकथेच्या एका धारेत मात्र या शापाचे कारण दिलेले आहे. थीब्जमधून परागंदा झालेला तरुण लायस हा पेलॉप्स राजाच्या आश्रयाला राहिला. पेलॉप्सचा मुलगा क्रिसिपस याला रथ हाकण्याची विद्या शिकवण्याचे काम त्याच्याकडे आले. लायसने त्या मुलाला पळवून नेले आणि त्याच्यावर बळजबरी केली. पेलॉप्सने शाप दिला तो यासाठी. युरिपिडीजने या विषयावर ‘क्रिसिपस’ नावाचे नाटक लिहिले होते. ते आज उपलब्ध नाही. सॉफोक्लीजच्या ‘ईडिपस राजा’त या प्रकरणाचा उच्चारही येत नाही. फ्रॉइडने ज्या कथेवर आपले प्रसिद्ध गंडविवेचन उभारले तीही हीच वजाबाकी होऊन आलेली कथा होय. मनोविश्लेषण आणि मानवशास्त्र यांच्या सीमेवर काम करणाऱ्या जॉर्ज डेव्हरोने 1953 साली एका निबंधात ही गाळलेली बाजू पुढे आणली. मुलाच्या वासनेचा इतका सखोल शोध घेणाऱ्या शास्त्राला बापाचे पूर्ववृत्त का दिसले नाही, असा त्या निबंधाचा रोख आहे.

परंतु लायस पुन्हा दिसू लागल्यानेही क्रिसिपस दिसतोच असे नाही. एका पाठानुसार तो लाजेने आत्महत्या करतो. दुसऱ्या पाठानुसार त्याचे सावत्र भाऊ त्याला ठार करतात. दोन्ही पाठांत तो बोलत नाही. अपराध झाला तो पेलॉप्सचा, कारण आश्रिताने यजमानाचा विश्वास मोडला. शिक्षा झाली ती लायसच्या वंशाला. ज्याच्या देहावर कृत्य घडले तो दोन पुरुषांमधील हिशेबातला एक निमित्तमात्र घटक ठरतो, आणि त्याच्या मृत्यूने कथेची सोय होते. तो जगला असता तर त्याचे काय करायचे, हे त्या कथेला ठाऊक नाही.

पुरुषांवरील लैंगिक हिंसेचा नैतिक विचार करताना हीच अडचण आजही पुढे येते. कृत्य वाईट आहे याविषयी फारसा वाद नसतो. वाद, किंवा खरे तर मौन, असते ते या प्रश्नाभोवती, की ज्याच्यावर हे घडले त्याचे नेमके काय हिरावले गेले, आणि ते कोणत्या शब्दांत सांगायचे. गेल्या काही दशकांत त्याला आणखी एक प्रश्न जोडला गेला आहे. समाजशास्त्र आणि सार्वजनिक आरोग्य यांच्या परिभाषेत या हिंसेच्या ‘जोखीम घटकां’ची चर्चा होते. ही परिभाषा पीडिताला दृष्टीस आणते, की क्रिसिपसप्रमाणे पुन्हा एकदा कथेबाहेर घालवते?

आधी शब्दांकडे पाहावे लागेल. ‘बलात्कार’ हा शब्द रचनेने लिंगनिरपेक्ष आहे. ‘बलात्’ म्हणजे बळाने, आणि त्यापुढे ‘कार’. धर्मशास्त्राच्या ग्रंथांत ऋणकोला बांधून, मारहाण करून कर्ज वसूल करण्याच्या प्रकारालाही हेच नाव आढळते. पुढे या शब्दाचा अर्थ आकुंचित होत गेला आणि स्त्रीदेहावरील आक्रमण एवढाच तो उरला. पुरुषावर असे काही घडले तर वृत्तपत्री मराठी ‘अनैसर्गिक कृत्य’ अथवा ‘अनैसर्गिक अत्याचार’ असे म्हणते, म्हणजे बळ नाहीसे होते आणि निसर्ग पुढे येतो. ‘विनयभंग’ पुरुषाचा होत नाही, कारण विनय हा त्याचा गुणच मानलेला नाही. ‘अब्रू’ त्याला असते, परंतु ती जाते सावकाराच्या दारात किंवा चव्हाट्यावर. लुटली जाते ती स्त्रीची. ‘अतिप्रसंग’ हा सोज्वळ शब्दही त्याच्या वाट्याला येत नाही. या सगळ्या नकारांनंतर त्याच्यासाठी जो एक शब्द तयार असतो तो कृत्याचे वर्णन करीत नाही, त्याचेच करतो : नामर्द. शिवीच्या कोशात मात्र या हिंसेला मुबलक जागा आहे. पुरुष एकमेकांना ज्या धमक्या चेष्टेत देतात त्यांतल्या बऱ्याच याच कृत्याच्या असतात, आणि विनोदाच्या रूपाने रोज उच्चारली जाणारी ही गोष्ट तक्रारीच्या रूपाने उच्चारता येत नाही.

कायद्याची भाषा याहून फार वेगळी राहिलेली नाही. 1860 च्या भारतीय दंडसंहितेतील कलम 375 नुसार बलात्कार पुरुष करतो आणि तो स्त्रीवर होतो. पुरुषावरील कृत्य कलम 377 मध्ये येत असे. या कलमाची रचना तात्त्विक दृष्ट्या लक्षणीय आहे. त्यात अपराध ‘निसर्गक्रमा’विरुद्ध घडत होता, संमती होती की नव्हती हे तेथे गैरलागू होते. परस्परांवर प्रेम करणारे दोन पुरुष आणि एकाने दुसऱ्यावर केलेली बळजबरी ही दोन्ही एकाच कप्प्यात पडत. ज्याच्यावर बळजबरी झाली तो तांत्रिक दृष्ट्या एका अनैसर्गिक कृत्यातला सहभागी ठरण्याची शक्यता नेहमीच शिल्लक राही. 1994 साली तिहार तुरुंगात निरोध वाटण्यावरून जो वाद झाला त्यातही हीच सरमिसळ होती. तुरुंगात पुरुषांमध्ये संबंध घडतात हे मान्य करावे की नाही, यावर पुष्कळ बोलले गेले. त्यांतले किती संबंध बळाने घडतात हा प्रश्न मागेच राहिला.

कायदा बदलण्याचे प्रयत्न झाले नाहीत असे नाही. विधी आयोगाने 2000 साली आपल्या 172 व्या अहवालात लिंगनिरपेक्ष व्याख्या सुचवली. 2012 च्या बालकांविषयीच्या कायद्याने अठरा वर्षांखालील मुलगा आणि मुलगी यांच्यात भेद केला नाही. 2013 साली न्या. वर्मा समितीने पीडित कोणत्याही लिंगाचा असू शकतो, अपराधी मात्र पुरुष मानावा, अशी शिफारस केली. त्यानंतरच्या अध्यादेशाने दोन्ही बाजू लिंगनिरपेक्ष केल्या आणि काही आठवड्यांतच संसदेने संमत केलेल्या कायद्यात पीडित पुन्हा केवळ स्त्री झाली. 2018 साली सर्वोच्च न्यायालयाने प्रौढांमधील संमतीचे संबंध कलम 377 च्या कक्षेबाहेर काढले, संमतीविना घडलेली कृत्ये मात्र त्यात ठेवली. 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली. तिच्यात 377 ला समांतर कलमच नाही. परिणामी प्रौढ पुरुषावरील लैंगिक आक्रमण आता दुखापत, जबर दुखापत, बेकायदा डांबून ठेवणे अशा सर्वसाधारण अपराधांत शोधावे लागते. पूर्वी निसर्ग तरी दुखावला जात होता, आता तोही नाही, असे कोणी उपरोधाने म्हटले तर ते खोडणे कठीण आहे.

स्त्री-संघटनांनी लिंगनिरपेक्षतेला घेतलेला आक्षेप येथे नीट समजून घ्यायला हवा, कारण तो पुष्कळदा विपर्यस्त स्वरूपात मांडला जातो. त्यांचा विरोध प्रामुख्याने अपराध्याच्या बाजूच्या निरपेक्षतेला होता. जी स्त्री तक्रार घेऊन येते तिच्यावरच उलट तक्रार दाखल करण्याचे हत्यार कायद्याने पुरुषांच्या हाती द्यावे काय, ही त्यांची शंका निराधार नव्हती. पुरुषांवरील हिंसेकडे स्त्रीवादाने डोळेझाक केली, हा आरोपही टिकत नाही. सुझन ब्राउनमिलरच्या 1975 मधील ‘अगेन्स्ट अवर विल’ या पायाभूत ग्रंथात तुरुंगातील पुरुषांवरील बलात्काराची सविस्तर चर्चा आहे, आणि ती करताना लेखिकेने त्याचा उलगडा कैद्यांच्या लैंगिक उपासमारीत न शोधता अधिकाराच्या उतरंडीत शोधला आहे. या विषयाची सैद्धांतिक साधने पुरुषांच्या तक्रारींतून घडलेली नाहीत. ती स्त्रियांच्या चळवळीने घडवली, याचा विसर अलीकडच्या उथळ वादांत पडलेला दिसतो.

याच साधनांतील एक सूत्र मात्र बारकाईने तपासण्याजोगे आहे. 1977 साली एका चर्चेत मिशेल फूकोने बलात्काराला केवळ शारीरिक हिंसा मानून शिक्षा द्यावी, तिच्यातील लैंगिकतेला कायद्याने विशेष स्थान देऊ नये, असा विचार मांडला. चेहऱ्यावर मारलेला ठोसा आणि हे कृत्य यांत तत्त्वतः फरक का करावा, असा त्याचा प्रश्न होता. मोनिक प्लाझाने 1978 साली त्याचा कठोर प्रतिवाद केला. तिच्या मते बलात्कार लैंगिक आहे तो लिंगभेदाच्या सामाजिक रचनेवर उभा असल्यामुळे. ज्या व्यक्तीला समाजाने ‘स्त्री’च्या जागी बसवले आहे तिच्यावर तो होतो. आणि पुरुषावर बलात्कार होतो तेव्हा तोही स्त्री म्हणूनच होतो. टेरेसा द लॉरेटिससारख्या समीक्षकांनी हा वाद पुढे सिद्धांतचर्चेत आणला आणि प्लाझाचे हे विधान बरेच चर्चिले गेले.

विधानाची ताकद उघड आहे. तुरुंगातील बोली, युद्धछावणीतील अवहेलना, वसतिगृहातील ‘गंमत’ यांची संहिता वाचली तर आक्रमक खरोखर हेच वाक्य उच्चारीत असतो : आता तू पुरुष नाहीस. कृत्याचा हेतू पुष्कळदा सुखाचा नसतो, स्थान बदलण्याचा असतो. प्लाझाने आक्रमकाचे व्याकरण अचूक ओळखले आहे. अडचण निर्माण होते ती हेच व्याकरण पीडिताच्या हानीचे वर्णन म्हणून स्वीकारल्यावर. त्याचे पुरुषत्व हिरावले गेले, असे सहानुभूतीने म्हणणारा माणूसही आक्रमकाचे वाक्य खरे मानून बसलेला असतो. त्यात आणखी एक गृहीत दडलेले असते, की स्त्रीच्या जागी असणे हीच हानी आहे. मग स्त्रीवर बलात्कार होतो तेव्हा तिचे काय जाते? ती तर आधीपासूनच त्या जागी होती. पुरुषाची हानी ‘मर्दपणा गेला’ या शब्दांत मोजणे म्हणजे स्त्रीच्या हानीचा हिशेब आपोआप कमी करणे होय. या प्रश्नाचा खरा नैतिक पेच येथे आहे, आणि कायद्यातील सर्वनामे बदलल्याने तो सुटत नाही.

आंतरराष्ट्रीय न्यायालयांसमोर हा पेच अर्थनिर्णयनाचा पेच म्हणून आला. पूर्वाश्रमीच्या युगोस्लाव्हियासाठी स्थापन झालेल्या न्यायाधिकरणाने 1997 साली दुश्को तादिच खटल्यात ओमार्स्का छावणीतील पुरुष कैद्यांवरील लैंगिक अत्याचार विचारात घेतले, ते ‘अमानुष कृत्ये’ आणि ‘क्रूर वागणूक’ या सदरांखाली. ब्र्चको येथील लुका छावणीत दोन भावांना बंदुकीच्या धाकाने परस्परांशी लैंगिक कृत्य करायला लावणाऱ्या रांको चेशिचला 2004 साली 18 वर्षांची शिक्षा झाली, तेव्हा त्याच न्यायाधिकरणाने ‘बलात्कार’ हा शब्द वापरला. यानंतर वाट सरळ झाली असे वाटावे, तर 2012 साली आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाच्या पूर्वसुनावणी कक्षाने केनियाच्या प्रकरणात वेगळाच अर्थ लावला. 2007-08 च्या निवडणुकोत्तर दंगलीत लुओ जमातीच्या पुरुषांची बळजबरीने सुंता करण्यात आली होती, काहींची इंद्रिये कापण्यात आली होती. पीडितांच्या वकिलांचे म्हणणे होते की ही लैंगिक हिंसा आहे. कक्षाने ते मान्य केले नाही. लैंगिकतेशी निगडित अवयवावरील प्रत्येक आघात लैंगिक ठरत नाही, येथे प्रेरणा वांशिक द्वेषाची होती, असे म्हणून कृत्ये ‘इतर अमानुष कृत्यां’त टाकली. पुढे हे खटलेच मागे घेतले गेले. निर्णयातील वाचन मात्र साहित्याच्या अभ्यासकाला खटकल्याशिवाय राहत नाही. सुंता न करणाऱ्या जमातीचा पुरुष अपुरा पुरुष आहे, हा तेथील राजकीय द्वेषाचाच एक आशय होता. वांशिक अर्थ लैंगिक अर्थाच्या द्वारेच बोलत असताना त्यांतला एक निवडून दुसरा पुसणे हे संहितेचे वाचन नव्हे, तिचे वर्गीकरण झाले. भारतात पोलीस कोठडीत पुरुषाच्या गुप्तांगांवर होणाऱ्या अत्याचारालाही केवळ ‘छळ’ म्हणण्याचा प्रघात आहे. त्या शब्दात खोटे काही नाही, परंतु पुरे काही नाही.

मग हानीसाठी दुसरा शब्द कोणता? एक उत्तर साहित्यातच, आणि अनपेक्षित जागी, सापडते. टी. ई. लॉरेन्सच्या ‘सेव्हन पिलर्स ऑफ विज्डम’मध्ये नोव्हेंबर 1917 मध्ये देरा येथे तुर्की सैनिकांनी पकडून केलेल्या मारहाणीचा आणि अत्याचाराचा प्रसंग आहे. हा प्रसंग घडलाच नाही असे मानणारे चरित्रकार आहेत. त्यांची काही कारणे, विशेषतः तारखांविषयीची, गंभीर आहेत. परंतु प्रसंगाच्या खरेपणाविषयी शंका घेताना संहितेतील एका तपशिलाकडे वारंवार बोट दाखवले जाते, आणि ते बोट तपासण्याजोगे आहे. लॉरेन्सने मारहाणीच्या वेदनेत क्षणभर जाणवलेल्या लैंगिक सुखासारख्या संवेदनेचा उल्लेख केला आहे. त्यावरून ही वर्णने म्हणजे इच्छेची कल्पित पूर्ती होय, असा निष्कर्ष काढण्याचा मोह समीक्षेला झाला. लॉरेन्स आपल्या हानीबद्दल काय म्हणतो, याकडे त्या मानाने कमी लक्ष गेले. मर्दपणा गेल्याचे तो म्हणत नाही. ग्रंथात तो आपल्या एकसंधपणाविषयी बोलतो, आणि 1924 साली शार्लट शॉ यांना लिहिलेल्या पत्रात माणूस जन्मतः जी एकच मालमत्ता घेऊन येतो त्या देहाच्या अखंडतेविषयी. ती आपण वेदनेतून सुटका मिळावी म्हणून देऊन टाकली, अशी त्याची स्वतःविरुद्धची फिर्याद आहे. प्रसंग घडला असो वा नसो, या वाक्यरचनेतील एक गोष्ट पीडितांच्या मनोव्यापाराचा अभ्यास करणाऱ्यांना परिचित आहे : जे हिसकावले गेले त्यासाठी तो ‘दिले’ हे क्रियापद वापरतो.

देहाची अखंडता ही संकल्पना स्त्रीपुरुष दोघांनाही सारखी लागू पडते, आणि तिच्या आधाराने हानी सांगताना कोणालाही कोणाच्या जागी बसवावे लागत नाही. तिच्यावर आक्षेप येईल तो असा की ती फार अमूर्त आहे, आणि फूकोच्या ठोशाकडेच परत नेते. हा आक्षेप अर्धा खरा आहे. ठोसा देहाला बाहेरून लागतो. या हिंसेचा विशेष असा की ती देहाच्या स्वतःच्या प्रतिसादांना साक्षीदार म्हणून उभे करते. भीती, दाब, घर्षण यांनी पुरुषदेहात उत्थापन, स्खलनही घडू शकते, आणि ते इच्छेचे लक्षण नसते, हे सॅरेल आणि मास्टर्स यांनी 1982 साली, लेविन आणि व्हॅन बर्लो यांनी 2004 च्या आढाव्यात सप्रमाण दाखवले आहे. तरीही आक्रमक, पोलीस, मित्र आणि अखेर स्वतः पीडित हे सर्व त्याच प्रतिसादाला कबुलीजबाब म्हणून वाचतात. देरा प्रकरणाची काही समीक्षा याहून फार निराळे काही करीत नाही.

देहाचे असे चुकीचे वाचन महाराष्ट्राला नवे नाही. 1972 साली चंद्रपूर जिल्ह्यातील देसाईगंजच्या पोलीस चौकीत एका आदिवासी मुलीवर झालेल्या अत्याचाराच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने तिच्या अंगावर जखमा नाहीत यावरून संमतीचा अर्थ काढला. ‘तुकाराम विरुद्ध महाराष्ट्र राज्य’ या नावाने तो निकाल ओळखला जातो. 1979 साली उपेंद्र बक्षी, लोतिका सरकार, वसुधा धागमवार आणि रघुनाथ केळकर यांनी सरन्यायाधीशांना लिहिलेल्या खुल्या पत्रात वश होणे आणि संमती देणे यांतील भेद दाखवला. रात्रीच्या वेळी, बंद दारामागे, पोलिसांच्या ताब्यात असलेल्या मुलीच्या निश्चलतेचा अर्थ लावताना प्रथम तो ताबा वाचायला हवा होता. या पत्राने आणि त्यामागून उभ्या राहिलेल्या चळवळीने 1983 ची कायदादुरुस्ती घडवली. ताब्यातील स्त्रीशी पोलीस, तुरुंगाधिकारी, रुग्णालयाचा कर्मचारी यांनी ठेवलेला संबंध, तो बलात्काराच्या व्याख्येत बसत नसला तरी, अपराध ठरला. ‘ताबा’ या शब्दाला नैतिक अर्थ आला तो येथे. जखमेचा अभाव आणि देहाचा प्रतिसाद ही एकाच चुकीच्या वाचनाची दोन रूपे आहेत, हे लक्षात आले की त्या खुल्या पत्रातील तर्क पुरुषालाही लागू करण्यास कोणतीच सैद्धांतिक हरकत उरत नाही. कायद्याने मात्र तो स्त्रीपुरताच ठेवला.

जोखमीच्या प्रश्नाकडे आता वळता येईल. ‘जोखीम घटक’ ही परिभाषा हृदयविकाराच्या अभ्यासातून आली. अमेरिकेतील फ्रेमिंगहॅम येथील दीर्घकालीन पाहणीतून 1961 च्या सुमारास ती रूढ झाली. रक्तदाब, चरबी, धूम्रपान हे घटक रुग्णाच्या ठिकाणी असतात आणि विकारही त्याच्याच ठिकाणी घडतो. विकाराला कर्ता नसतो. ही परिभाषा हिंसेला लावली की व्याकरणात एक सूक्ष्म बदल होतो : ज्याच्यावर कृत्य घडले त्याचे गुणधर्म रकान्यांत भरले जातात आणि ज्याने केले तो रक्तातील चरबीसारखा निनावी होतो. लहान चण, कोवळे वय, अपंगत्व, समलिंगी असणे किंवा तसे भासणे, पूर्वी अत्याचार झालेला असणे. यादी खोटी नाही. ती वाचणाऱ्याच्या मनात मात्र संख्याशास्त्रीय संबंधाचे रूपांतर दोषात फार लवकर होते.

या याद्यांपैकी एक, तिच्या मर्यादांसह, जवळून पाहण्याजोगी आहे. तुरुंगातील बलात्कार रोखण्यासाठी अमेरिकेत 2003 साली कायदा झाला आणि त्याखालील नियम 2012 साली आले. त्यांनुसार नव्या कैद्याची साधारणपणे 72 तासांच्या आत चाचपणी करायची असते. वय, शरीरयष्टी, शारीरिक वा मानसिक अपंगत्व, पहिलीच शिक्षा आहे काय, गुन्हे केवळ अहिंसक आहेत काय, लैंगिक कल वा लिंगओळख, पूर्वी झालेला अत्याचार, अशी ती यादी आहे. 2011-12 मध्ये त्या देशाच्या न्यायविषयक सांख्यिकी विभागाने केलेल्या पाहणीत, आदल्या वर्षभरात दुसऱ्या कैद्याकडून लैंगिक अत्याचार झाल्याचे सांगणाऱ्यांचे प्रमाण भिन्नलिंगी कैद्यांत 1.2 टक्के, तर इतर कल सांगणाऱ्यांत 12.2 टक्के आढळले. दहापट फरक. येथे वाचक थांबला तर त्याला वाटेल की जोखीम त्या कैद्याच्या प्रकृतीत आहे. परंतु त्याच पाहणीतील दुसरा आकडा त्या समजुतीला धक्का देतो. स्त्री-पुरुष मिळून पाहता दुसऱ्या कैद्याकडून अत्याचार झाल्याचे 2.0 टक्के कैद्यांनी सांगितले, आणि तुरुंग कर्मचाऱ्याकडून झाल्याचे 2.4 टक्के कैद्यांनी. ज्यांच्या हाती किल्ल्या आहेत ते यादीत कोठेच नाहीत. समलिंगी असणे मोकळ्या रस्त्यावर आणि बंद बराकीत सारखेच असते. बराकीत ते दहापट धोक्याचे होते, कारण तेथून निघून जाता येत नाही आणि कोणाबरोबर कोंडले जायचे हे दुसरा ठरवतो.

मुलगे, कैदी, छावणीतील बंदिवान, नवे विद्यार्थी, आश्रमशाळेतील वा धर्मसंस्थेतील मुले, आजारी आणि अपंग माणसे : जोखमीच्या याद्या अशा वाचल्या की त्यांत पुरुषांचे प्रकार दिसत नाहीत, दुसऱ्याच्या ताब्यात असण्याचे प्रकार दिसतात. केंद्र सरकारच्या महिला व बालविकास मंत्रालयाने 2007 साली 13 राज्यांतील 12,447 मुलामुलींच्या पाहणीचा अहवाल प्रसिद्ध केला. त्यात 53.22 टक्के मुलांनी कोणत्या ना कोणत्या प्रकारचा लैंगिक अत्याचार सांगितला होता आणि त्या मुलांपैकी 52.94 टक्के मुलगे होते. निम्म्या प्रकरणांत अत्याचार करणारा परिचित किंवा विश्वासाच्या स्थानावरचा होता. यातील ‘अत्याचार’ची व्याख्या विस्तृत आहे हे खरे. तरी मुलगा सुरक्षित असतो या समजुतीवर घरे, शाळा आणि वसतिगृहे चालतात, ती समजूतच लायसला शिक्षक म्हणून ठेवून घेते.

विद्यापीठीय वाचकाला याचे सर्वांत जवळचे उदाहरण वसतिगृहाचे आहे. महाराष्ट्राने 1999 साली रॅगिंगबंदीचा कायदा केला. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2009 च्या नियमांत रॅगिंगच्या प्रकारांची गणना आहे. तीत विवस्त्र करणे, लैंगिक अत्याचार आणि ‘समलिंगी हल्ले’ ही येतात. शेवटचा शब्द थांबवून ठेवणारा आहे. कनिष्ठ विद्यार्थ्याला खोलीत कोंडून त्याची विटंबना करणारे वरिष्ठ विद्यार्थी बहुधा स्वतःला समलिंगी मानीत नाहीत. त्यांच्या दृष्टीने ते आपले पुरुषत्व सिद्ध करीत असतात. हल्ल्याला प्रेमाच्या एका प्रकाराचे नाव दिल्याने दोन अन्याय होतात. जे परस्परसंमतीने एकत्र येतात त्यांच्यावर हिंसेचा ठपका बसतो, आणि ज्याच्यावर हल्ला झाला त्याला तक्रारीच्या अर्जातच स्वतःच्या कलाविषयीची शंका लिहून द्यावी लागते. 377 गेले तरी त्याची वाक्यरचना नियमांच्या पुस्तकांत राहिलेली आहे.

अमेरिकन तुरुंगाच्या त्या यादीत एक कलम बाकीच्यांहून वेगळे आहे. कैद्याला स्वतःला आपण कितपत असुरक्षित आहोत असे वाटते, हे त्यालाच विचारायचे असते. इतर सर्व कलमे अधिकारी त्याच्याकडे पाहून भरू शकतो. हे एक भरण्यासाठी त्याने बोलावे लागते. या उत्तराचे पुढे काय होते हा निराळा भाग. पुष्कळ ठिकाणी धोक्यातील कैद्यालाच एकांतकोठडीत टाकून प्रश्न मिटवला जात असे, आणि 2012 च्या नियमांना ही प्रथा आवरण्यासाठी स्वतंत्र तरतूद करावी लागली : दुसरा उपाय नसेल तरच तसे करावे, आणि कारण लिहून ठेवावे. आपल्याकडे वसतिगृहात प्रवेश घेणाऱ्या विद्यार्थ्याकडून आणि त्याच्या पालकांकडून रॅगिंग करणार नाही असे प्रतिज्ञापत्र लिहून घेतले जाते. तो कोणाबरोबर राहणार, दाराला आतून कडी आहे काय, त्याला कशाची भीती वाटते, हे विचारणारा रकाना त्या कागदात नाही.